विश्लेषण : मणिपूरच्या लोकटक सरोवरात पाणी किती ठेवायचे, हे कोण ठरवणार?

मणिपूरमध्ये जोराचा पाऊस झाला, इम्फाळ खोऱ्यात पाणी शिरले की एक मागणी हमखास पुढे येते – इथाई बॅरेजचे दरवाजे उघडा. पाणी ओसरले की मागणी बदलते – बॅरेजच हटवा. गेली चार दशके हा वाद सुरू आहे. वरवर पाहता तो एका बंधाऱ्याचा वाद आहे. प्रत्यक्षात तो लोकटक सरोवराच्या पाणीपातळीचा आणि ती पातळी ठरवण्याच्या अधिकाराचा आहे. त्यात वीजप्रकल्प, मच्छीमार, शेतकरी, दुर्मीळ हरीण आणि न्यायालय असे सगळेच गुंतले आहेत.

नेमका वाद काय?

समुद्रसपाटीपासून ७६८.५ मीटर. लोकटकचा सगळा वाद या एका आकड्याभोवती फिरतो. सरोवराच्या दक्षिणेला मणिपूर नदीवर असलेल्या इथाई बॅरेजच्या साहाय्याने पाणी या पातळीच्या आसपास अडवले जाते. हे पाणी राष्ट्रीय जलविद्युत महामंडळाच्या (एनएचपीसी) वीजप्रकल्पासाठी वापरले जाते. बॅरेज होण्यापूर्वी सरोवराची पातळी पावसाळ्यात वाढत असे आणि हिवाळा-उन्हाळ्यात उतरत असे. १९८३ नंतर हा चढउतार जवळपास संपला. एकेकाळचे नैसर्गिक सरोवर आता वर्षभर भरलेल्या जलाशयासारखे वागते. या बदलाने आपली मासेमारी, शेती आणि सरोवराचे आरोग्य बिघडले, असे काठावरच्या गावांचे म्हणणे आहे. वीजप्रकल्पाच्या बाजूने सांगितले जाते, की गाळ, सांडपाणी आणि अतिक्रमण ही बिघाडाची मोठी कारणे आहेत आणि सगळा दोष बॅरेजवर टाकणे योग्य नाही.

लोकटक सरोवर वेगळे का मानले जाते?

ईशान्य भारतातील सर्वात मोठे गोड्या पाण्याचे सरोवर अशी लोकटकची ओळख आहे. आझाद हिंद सेनेने १४ एप्रिल १९४४ रोजी जिथे तिरंगा फडकवला, ते मोइरांग गाव याच सरोवराच्या काठी आहे. सरोवरावर गवत, पाणवनस्पती, मुळे आणि माती यांचे जाड थर तरंगत असतात. त्यांना फुमदी म्हणतात. फुमदीचा साधारण एकपंचमांश भाग पाण्यावर आणि बाकीचा पाण्याखाली असतो. जाड फुमदीवर माणूस चालू शकतो, झोपडी बांधू शकतो. हजारो कुटुंबांचा उदरनिर्वाह या सरोवरातील मासे आणि खाण्याच्या पाणवनस्पतींवर चालतो. १९९० मध्ये लोकटकला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर यादीत स्थान मिळाले. त्या नोंदीनुसार क्षेत्र २६६ चौरस किलोमीटर आहे. पण अवघ्या तीन वर्षांत, १९९३ मध्ये, ते माँत्रो नोंदवहीत गेले. ज्या रामसर स्थळांचे पर्यावरणीय स्वरूप बिघडले आहे किंवा बिघडण्याची भीती आहे, त्यांची ही यादी.

इथाई बॅरेज कशासाठी बांधले?

लोकटक प्रकल्पाची क्षमता १०५ मेगावॉट आहे. ३५ मेगावॉटचे तीन संच त्यात आहेत. लोकटकचे पाणी निसर्गतः मणिपूर नदीतून दक्षिणेला म्यानमारमध्ये चिंदविन आणि पुढे इरावती नदीला मिळते. प्रकल्पात हे पाणी कालवा आणि बोगद्याद्वारे पश्चिमेकडील डोंगरापलीकडे नेले जाते. तिथे सुमारे ३०० मीटर खाली, लेइमाताक खोऱ्यात ते सोडून वीज तयार होते. ते पाणी पुढे बराक नदीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे एका नदीखोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवणारा हा प्रकल्प आहे. मूळ आखणीत वीजनिर्मितीसाठी सेकंदाला ४२ घनमीटर आणि उपसा सिंचनासाठी १६.८ घनमीटर पाणी धरले होते.

हे पाणी बारा महिने मिळायचे तर पावसाळ्यात आलेले पाणी सरोवरात साठवून ठेवणे भाग होते. त्यासाठी इथाई येथे बॅरेज आले. सत्तरच्या दशकात विजेची तीव्र टंचाई असलेल्या ईशान्य भारतासाठी हा प्रकल्प मोलाचा होता. आजही त्याची वीज मणिपूरसह ईशान्येतील राज्यांना मिळते. त्यामुळे ‘प्रकल्प निरुपयोगी आहे’ असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्या विजेची जी किंमत सरोवर आणि त्याच्या काठचे लोक मोजतात, ती कुठल्याच हिशेबात का धरली गेली नाही, हा खरा प्रश्न आहे.

पातळी स्थिर राहिल्याने काय बिघडले?

लोकटकचे जीवनचक्र पाण्याच्या चढउतारावर चालत होते. कोरड्या महिन्यांत पाणी उतरले की फुमदी सरोवराच्या तळाला टेकत. त्यांची मुळे गाळात रुजत, तिथून अन्नद्रव्ये घेत. पावसाळ्यात पाणी चढले की हा पोसलेला थर पुन्हा वर उचलला जाई. वर्षभर पाणी भरलेले राहू लागल्यावर अनेक ठिकाणी फुमदी तळाला टेकेनाशा झाल्या. खालून पोषण थांबले आणि थर पातळ होऊ लागले.

सरोवराच्या मधल्या भागात मात्र उलटे घडले. पूर्वी पावसाळ्यात सुटलेल्या फुमदी खोरडाक प्रवाहातून मणिपूर नदीत वाहून जात. सरोवराची ती नैसर्गिक सफाई होती. बॅरेजमुळे हा मार्ग अडला. शिवाय नांबुल नदी इम्फाळ शहराचे सांडपाणी घेऊन लोकटकमध्ये येते. या पोषक द्रव्यांवर फुमदी आणि पाणवनस्पती फोफावल्या. म्हणजे जिथे फुमदी जाड हव्यात तिथे त्या पातळ झाल्या आणि जिथे मोकळे पाणी हवे तिथे त्यांची दाटी झाली. मग त्या यंत्रांनी काढण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्चावे लागले.

संगाई हरणाचा याच्याशी काय संबंध?

सरोवराच्या आग्नेय भागात केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान आहे. ४० चौरस किलोमीटरच्या या उद्यानाचा मोठा भाग फुमदींचा आहे. जगातील एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान असे त्याचे वर्णन केले जाते. मणिपूरचा राज्यप्राणी संगाई नैसर्गिक अवस्थेत फक्त इथेच आढळतो. १९५१ मध्ये हे हरीण नामशेष झाल्याचे मानले गेले होते. दोन वर्षांनी ते पुन्हा दिसले. १९७५ च्या हवाई पाहणीत केवळ १४ संगाई मोजले गेले. १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, संरक्षण वाढले आणि २०१६ च्या गणनेत ही संख्या २६० वर गेली.

ही वाढ दिलासा देणारी असली, तरी संगाईच्या पायाखालची जमीन पातळ होत आहे. फुमदीचा थर पुरेसा जाड नसेल तर हरणाचे वजन त्याला पेलवत नाही. पाय आत जातो आणि चाराही नीट उगवत नाही. म्हणून वन्यजीव अभ्यासक शिकारीइतकीच चिंता पाणीपातळीची करतात. शिकार वनरक्षक रोखू शकतात. पाणी किती ठेवायचे, हे मात्र त्यांच्या हातात नाही.

मच्छीमार आणि शेतकऱ्यांची तक्रार काय?

चिंदविन-इरावतीतून मणिपूर नदीमार्गे वर येणारे मासे लोकटकमध्ये अंडी घालत. बॅरेजने ही वाट बंद केली. मणिपूरचा राज्यमासा असलेला पेंगबा हे त्याचे ठळक उदाहरण. एकेकाळी जाळ्यात सहज मिळणारा हा मासा राज्याच्या नैसर्गिक पाण्यातून जवळपास नाहीसा झाला. आता तो मुख्यतः मत्स्यशेतीत तयार केला जातो. सरकारने सरोवरात इतर जातींचे मत्स्यबीज सोडले. मात्र वाहत्या पाण्यातून आपोआप येणारी मासळी आणि सोडलेल्या बीजावर अवलंबून असलेली मासेमारी यांत मच्छीमाराच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

शेतकऱ्यांचे नुकसान तितकेच थेट आहे. पूर्वी पाणी उतरले की काठची गाळपेर जमीन उघडी पडे. तिथे पीक घेता येई, गुरे चरत. पातळी कायम चढी राहिल्याने हजारो हेक्टर शेतजमीन पाण्याखाली गेली, असा स्थानिक संघटनांचा दावा असून भरपाईची मागणी त्या वर्षानुवर्षे करत आहेत. जमीन गेलेली अनेक कुटुंबे मासेमारीकडे वळली. जमीन नाही म्हणून त्यांतील काहींनी फुमदीवरच झोपड्या बांधल्या. पुढे याच झोपड्या सरकारच्या डोळ्यांत खुपू लागल्या.

२००६ चा कायदा वादग्रस्त का ठरला?

मणिपूर विधानसभेने २००६ मध्ये लोकटक सरोवर संरक्षण कायदा केला. सरोवराचा सुमारे ७० चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र ठरवण्यात आला. तिथे फुमदीवर झोपडी बांधणे, राहणे आणि अथाफुम करणे यांवर बंदी आली. अथाफुम म्हणजे फुमदी गोलाकार जोडून मासे अडवण्याची पद्धत. नोव्हेंबर २०११ मध्ये कारवाई झाली आणि फुमदीवरील शेकडो झोपड्या हटवताना जाळण्यात आल्या. जुलै २०२२ मध्ये लोकटक विकास प्राधिकरणाने अथाफुम, झोपड्या आणि होमस्टे काढून टाकण्याची नोटीस दिली, तेव्हा पुन्हा असंतोष उसळला.

अथाफुमची संख्या वाढली आणि त्याने पाण्याचा प्रवाह अडतो, हे प्राधिकरणाचे म्हणणे निराधार नाही. मच्छीमारांचा आक्षेप आहे तो वेगळ्या वागणुकीला. सरोवराच्या बिघाडाची शिक्षा झोपडीला झाली, बॅरेजला झाली नाही, असे ते विचारतात. पाणीपातळी बदलून ज्यांची जमीन गेली, त्यांनाच पुढे अतिक्रमण करणारे ठरवले गेले, ही भावना या वादाला धार देते.

पुराला बॅरेज जबाबदार आहे का?

इथे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. इम्फाळ खोरे म्हणजे डोंगरांनी वेढलेली खोलगट परात. पूर्वी नदी फुगली की तिचे पाणी खोरडाक प्रवाहातून उलटे सरोवरात शिरत असे. रिकामे सरोवर ते सामावून घेई आणि नंतर हळूहळू सोडून देई. पावसाळ्याच्या तोंडावरच सरोवर भरलेले असेल, तर सामावून घेण्याची ही क्षमता घटते. महाराष्ट्रात सांगली-कोल्हापूरच्या पुरांनंतर धरणात पूरसाठ्यासाठी जागा रिकामी ठेवण्याची जी चर्चा होते, तोच मुद्दा इथेही आहे.

दुसरीकडे, खोऱ्याबाहेर पाणी जाण्याची वाटच अरुंद आहे. बॅरेजच्या खाली सुगनूजवळ नदीपात्रात खडकाळ उंचवटा आहे. तिथे येऊन मिळणाऱ्या चाकपी नदीला पूर आला तर मुख्य नदीचे पाणी तुंबते. डोंगरांवरील वृक्षतोड, पात्रातील गाळ, नद्यांच्या काठची बांधकामे यांनीही पूर वाढतो. २०२४ च्या मे महिन्यात रेमल चक्रीवादळाच्या पावसाने इम्फाळ जलमय झाले, तेव्हा शहरातील नद्यांचे बांधच पुरे पडले नव्हते. त्यामुळे बॅरेजचे दरवाजे उघडले की पूर टळेल, ही समजूत अर्धवट आहे. पण भरलेल्या सरोवराचा पुराशी काहीच संबंध नाही, हे म्हणणेही तितकेच अर्धवट आहे.

बॅरेज हटवले तर प्रश्न सुटेल?

ही मागणी केवळ आंदोलकांची नाही. मुख्यमंत्री असताना एन. बिरेन सिंह यांनीही बॅरेज हटवण्याची भूमिका जाहीरपणे मांडली होती. मात्र चाळीस वर्षांनी बॅरेज काढले तर सरोवर आपसूक १९८३ पूर्वीच्या स्थितीत जाईल, याची खात्री देता येत नाही. या काळात तळात गाळ साचला आहे. तो तसाच असताना पाणी एकदम उतरले, तर उथळ भाग कोरडे पडून तिथे शेती आणि बांधकामे सरकत येण्याचा धोका आहे. सरोवर आक्रसले तर आज खोल पाण्यात मासे धरणाऱ्यांचा रोजगारही जाईल. नांबुलचे सांडपाणी तर बॅरेज असो वा नसो, येतच राहणार. म्हणजे बॅरेज हटवणे हा शेवटचा पर्याय असू शकतो, पण तो एकटा पुरेसा नाही.

मग मधला मार्ग कोणता?

तो पातळीच्या वेळापत्रकात आहे. महाराष्ट्रातील धरणांसाठी जलाशय परिचालन सूची असते. कोणत्या महिन्यात किती साठा ठेवायचा, हे त्यात ठरलेले असते. लोकटकलाही अशी सूची हवी, पण ती केवळ विजेसाठी नको. कोरड्या हंगामात काही आठवडे फुमदी तळाला टेकतील इतकी पातळी उतरवणे, पावसाळ्याच्या आरंभी पुरासाठी जागा ठेवणे, माशांच्या स्थलांतराच्या काळात दरवाजे उघडणे आणि दाट फुमदी वाहून जाऊ देणे, या गोष्टी तिच्यात बसवाव्या लागतील. प्राधिकरण आणि ‘वेटलँड्स इंटरनॅशनल’ यांनी १९९७ नंतर हाती घेतलेल्या अभ्यासातही वीज आणि पर्यावरण यांच्यात पाण्याचे वाटप करण्यावर भर होता.

यासाठी किती वीज सोडावी लागेल? ढोबळ हिशेब मांडता येतो. सरोवराचे पाणी २०० चौरस किलोमीटरवर पसरले आहे असे धरले, तर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे २ कोटी घनमीटर, म्हणजे सुमारे ०.७ टीएमसी. हे पाणी टर्बाइनऐवजी बॅरेजमधून सोडले, तर ३०० मीटर उंचीच्या हिशेबाने अंदाजे १.४ कोटी युनिट वीज बुडते. प्रकल्पाची वर्षाची अपेक्षित निर्मिती ४४.८ कोटी युनिट आहे. म्हणजे दर १० सेंटिमीटरमागे साधारण तीन टक्के. सरोवर उतरवताना पाणी टर्बाइनमधूनच नेले, तर हा तोटा आणखी कमी होईल. मात्र मग उन्हाळ्यातल्या विजेची सोय दुसरीकडून करावी लागेल. आकडे ढोबळ असले, तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. हा ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा प्रश्न नाही. किती सेंटिमीटर, कोणत्या महिन्यात आणि बुडालेल्या विजेची भरपाई कोणी करायची, अशा मोजता येण्याजोग्या प्रश्नांत तो मांडता येतो.

निर्णय का होत नाही?

कारण सरोवराला एक मालक नाही. पाणी अडवण्याचे साधन केंद्र सरकारच्या कंपनीकडे, सरोवराची देखभाल राज्याच्या प्राधिकरणाकडे, राष्ट्रीय उद्यान वन विभागाकडे, तर पुराची जबाबदारी जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासनाकडे. एकाने पातळी वाढवली तर परिणाम दुसऱ्याला भोगावा लागतो आणि मच्छीमार तर यातल्या कुठल्याच टेबलावर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रामसर स्थळांवर देखरेख ठेवण्यास उच्च न्यायालयांना सांगितल्यापासून लोकटकचा विषय मणिपूर उच्च न्यायालयातही आहे. त्याच वर्षी पाणथळ जागांसाठीचे केंद्रीय नियमही नव्याने आले. हीच चौकट महाराष्ट्रातील नांदूरमध्यमेश्वरलाही लागू आहे. गोदावरीवरील बंधाऱ्यामुळेच तयार झालेले हे रामसर स्थळ. बंधारा म्हणजे पाणथळ जागेचा शत्रूच, असे सरसकट म्हणता येत नाही ते त्यामुळेच. तिथले पाणी कोणासाठी आणि कोणत्या वेळापत्रकाने चढते-उतरते, यावर सगळे ठरते.

मणिपूरमध्ये मे २०२३ पासून उसळलेल्या वांशिक हिंसाचारात लोकटकचा प्रश्न मागे पडणे स्वाभाविक होते. पण फुमदी पातळ होण्याचे थांबलेले नाही आणि पावसाळाही थांबत नाही. पुढच्या पुरात दरवाजे उघडण्याची मागणी पुन्हा होईल. तेव्हा प्रशासन ते उघडेलही. प्रश्न उरतो तो पूर नसलेल्या महिन्यांचा. जानेवारीत सरोवरात किती पाणी असावे, या निर्णयात वीज अभियंत्याबरोबर मच्छीमार, शेतकरी आणि उद्यानाचा अधिकारीही बसलेला असेल, तेव्हाच हा वाद सुटण्याच्या दिशेने पहिले पाऊल पडेल.